निळी रेघ

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. सांगायला गेलो की तिकिटांचं वेड एवढंच ऐकू येईल, म्हणून नाही सांगितलं — की हिंमतच नव्हती? तुम्ही ऐका. मला ओळखत नाही, ते बरंच आहे.

सौसरला मी शाळेत मास्तर. जुनी पोस्टाची तिकिटं जमवतो, त्यातही अमेरिकेची अगदी सुरुवातीची. पांढुर्ण्याचा दिवाकर, कापडाचं दुकान असलेला, हा छंद माझ्याकडूनच शिकला. पहिल्यांदा आला तेव्हा त्यानं सगळी तिकिटं मैद्याच्या लेईनं वहीत चिकटवलेली. लेईनं तिकीट खराब होतं, हेही त्याला ठाऊक नव्हतं. मी किती हसलो होतो! पुढे कित्येक वर्षं चारचौघांत त्याला लेईवरून चिडवत राहिलो. तो हसायचा.

एक सेंटचं एक निळं तिकीट आहे. वरवर सगळी सारखीच. पण छापायचे ठसे हातानं घडवलेले, म्हणून बारीक फरक राहिले. कुणाची वरची रेघ मधेच तुटलेली, कुणाची खालची वेलबुट्टी अर्धवट. वर-खाली सगळं अखंड असलेलं फार दुर्मीळ. शिवाय तेव्हा तिकिटांना भोकांच्या कडा नव्हत्या, कात्रीनं कापून द्यायचे. त्यामुळे खालची रेघ पुष्कळदा पोस्टातच कापली जायची. मी उभं आयुष्य तसं अखंड तिकीट शोधलं. मिळालं नाही.

दिवाकरला मिळालं. नागपूरच्या जुन्या बाजारात, कुणाच्या तरी वहीत, लेईनंच चिकटवलेलं. त्यानं ते पाण्यात सोडवलं, वाळवलं आणि बसनं माझ्याकडे घेऊन आला. भिंग न लावता म्हणाला, "मास्तर, मले त खालची रेघ पुरी दिसून राहिली. तुमी पाहा न." नागपूरच्या प्रदर्शनात ठेवायचं होतं त्याला. त्याआधी मी एकदा हो म्हणावं, एवढंच हवं होतं.

मी पाहिलं. पुरी होती. वेलबुट्टी, रेघ, खाली पांढरी कड — सगळं होतं.

मी काय म्हणालो? "ठेवून जा, नीट पाहतो."

रविवारची दुपार होती. बायको कीर्तनाला गेलेली. मी खिडकीशी उजेडात बसलो. रागात होतो का? नव्हतो. आणि हेच मला सांगायला जड जातंय. बारीक कात्री घेतली आणि खालची कड कापली. रेघेसकट. केसाएवढी पट्टी टेबलावर पडली.

तो आला तेव्हा म्हणालो, खाली जुन्या लेईचा थर होता, तो काढला. पाण्यात शाई उतरून लेईच्या काठावर बसली होती, तीच तुला रेघ वाटली. साधं तिकीट आहे.

त्यानं तिकीट खिडकीच्या उजेडात धरून पाहिलं. मला वाटलं, आता विचारेल. मग म्हणाला, "लेईनं माहा पिच्छा नाही सोडला, मास्तर." आणि हसला. मीही हसलो.

त्यानंतर तो डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आला. डोळ्यांत काही दोष नाही म्हणाले. त्यानं डॉक्टरवर विश्वास ठेवला नाही, माझ्यावर ठेवला. हळूहळू तिकिटं बंदच केली. लोकांना अजून सांगतो, मास्तरनं वाचवलं, नाही त नागपुरात हासं झालं असतं. संत्र्यांच्या दिवसांत न चुकता टोपली पाठवतो. आम्ही ती खातो.

गेल्या महिन्यात त्यानं सगळे अल्बम आणून दिले. "तुमच्याजवळच राहू द्या. माह्या नजरेचा काई भरोसा नाही." तो गेल्यावर मी ते निळं तिकीट काढलं. ती पट्टी मी टाकली नव्हती — का नाही टाकली, विचारू नका. तिकिटाखाली लावून पाहिली. अचूक बसली. वर-खाली, सगळं अखंड.

हे छापून आलं तर दिवाकर वाचेल. दुकानात बसून, चष्म्याशिवाय. त्याचे डोळे चांगले आहेत. तेव्हाही चांगलेच होते.