साठेकाकांची सही

आमच्या गल्लीतल्या उघड्या चेंबरवर काल महापालिकेची माणसं झाकण बसवून गेली. त्यात लाल चिंधी बांधून उभी केलेली फांदी त्यांनी उपटून बाजूला टाकली. ती फांदी समोरच्या साठेकाकांची. सुकली की ते नवी लावायचे, आणि दर सोमवारी वॉर्ड ऑफिसात जाऊन तक्रारीचं काय झालं ते विचारायचे. दोन महिन्यांपूर्वी ते गेले.

"साठे कोण? काम झाल्याची सही पाहिजे," मुकादम म्हणाला.

"ते वारले हो."

"मग तुम्ही करा त्यांच्या नावानं. नाहीतर तक्रार उघडीच राहील."

मी केली. साठ्यांचं नाव, माझ्या अक्षरात.

आज सकाळपासून खिडकीतून बघतोय. झाकण पक्कं आहे, तरी सगळी गल्ली तिथं आल्यावर वळसा घालून जातेय, फांदी अजून उभी असल्यासारखी. माणूस गेल्यावरही त्याची काळजी रस्त्यात उभी राहत असेल का? मघाशी दूध आणताना मीही वळसा घातला.

याच तक्रारीवर शेजारी म्हणून माझी एक सही मागायला काका आले होते. तेव्हा मी म्हटलं होतं, "मला कशाला यात गुंतवता?"