सूपभर कोंडा

जेवण करून बाजेवर पाठ टेकली, की कोंडिबाचा उजवा डोळा आधी झोपतो आणि डावा घटकाभर पहारा देतो. विश्वास नसेल तर त्याच्या गल्लीत जाऊन विचारा. आज बाज मात्र परक्या घरची आहे. साठाव्या वर्षी त्याला सख्खी बहीण सापडलीय, सुलाबाई. आणि जन्म देणारी तानूबाई? ती सव्वा महिन्यापूर्वी याच बाजेवर गेली.

तानूबाईची तीन पोरं जगली नव्हती. मरणाला चकवायचं म्हणून चौथं तिनं सुपात घातलं आणि शेजारगावच्या गोजराबाईला सूपभर कोंड्याच्या बदल्यात दिलं. म्हणून नाव कोंडिबा. पाचव्या वर्षी तेवढाच कोंडा परत देऊन पोर सोडवून न्यायचं, असा तिकडचा रिवाज. ती आलीच नाही. का, एवढंच त्याला विचारायचं होतं.

डावा डोळा मिटतो. बाज हलते, एसटीचं बाकडं होते, आणि एसटी सरळ पिठाच्या गिरणीत शिरते. कंडक्टरला त्याचं काहीच वाटत नाही. आत पिठानं पांढरी झालेली एक म्हातारी चाळण हलवतेय.

"तानूबाई तुम्हीच का?"

"आई म्हणायला जीभ झडते का रे?"

"तो शब्द गोजराईच्या चितेवर गेला."

"मग बाई म्हण. बस."

तो बसतो. पाय जमिनीला टेकत नाहीत. पाच वर्षांचे आहेत.

"सोडवायला का आला नाहीत?"

"कोंडा कुठनं आणू? तुझ्या बदल्यात आलेला भाकरीत मळून खाल्ला आम्ही."

"सगळा?"

"तुझ्या बापाला तर फार गोड लागला."

कोंडिबाला हसू येतं, आणि हसू आल्याचा संताप येतो.

"पुढल्या साली जमवायचा."

"जमवला की. तोवर सुली झाली. जगली. रांगायला लागली." चाळण थांबते. "मग कळलं, तुझ्यावाचून चालतंय."

"खोटं तरी बोलायचं, बाई."

"मेल्यावर ते जमत नाही, लेकरा. हात पुढं कर."

तो हात पुढं करतो. समोर सुलाबाई चहा घेऊन उभी आहे.

"दादा, मुठीत काय धरलंय एवढं आवळून?"

तो मूठ उघडतो. कोंडा. ऊन-ऊन, आत्ताच चाळल्यासारखा.

"अगंबाई! आमच्यात तर पाकिटातलं पीठ येतं. हा कुठला?"

कोंडिबा कोंडा तळहातावर पसरतो.

"सूपभर ठरला होता," तो म्हणतो. "हा मूठभरच आहे."