सगळ्या चिठ्ठ्या एकाच नावाच्या

पाथर्डी तालुक्यातल्या आमच्या शाळेत दहावीचा एकच वर्ग होता आणि तो कुणालाच आवडत नव्हता. मी त्या वर्गात होतो, म्हणून हे खात्रीनं लिहिता येतं. आम्ही एकमेकांनाही आवडत नव्हतो. पाचवीपासून एका खोलीत बसून परस्परांविषयी जेवढं कळलं होतं, तेवढं नापसंतीला पुरेसं होतं.

वर्गाचे दोन भाग होते. गावातली मुलं खिडकीच्या बाजूला, पंख्याखाली बसायची. वसतिगृहातली मुलं भिंतीच्या बाजूला. त्यांचे आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला जायचे आणि टोळ्या परत येईपर्यंत ही मुलं शाळेमागच्या हंगामी वसतिगृहात राहायची. गावातली मुलं त्यांना ‘पत्र्याखालचे’ म्हणायची, कारण वसतिगृहावर पत्रे होते. शाळेवरही पत्रेच होते, पण ते कुणाच्या ध्यानात येत नसे.

पुढारी होता मुकादमाचा मुलगा. त्याचे वडील ऊसतोडीच्या टोळ्या बांधून कारखान्यांना पुरवायचे आणि भिंतीच्या बाजूच्या बहुतेकांचे आईवडील त्यांच्याच टोळ्यांत होते. त्यामुळे त्याला वर्गात निवडणूक लढवावी लागली नाही. वजाबाकी त्याला जड जायची. गावात कुणाच्या घरी किती मतं आहेत हे मात्र तोंडपाठ होतं. पहिल्या नंबरची मुलगी फळ्यावरची तारीख उतरवतानाही वहीवर हात आडवा धरायची. एक जण आठवीपासून पोलीस भरतीची तयारी करत होता. तो पहाटे धावायचा आणि दिवसभर बाकावर झोपायचा. त्याला उठवलं की तो आधी हात वर करायचा आणि मग प्रश्न काय होता ते विचारायचा.

अशा वर्गाला एकत्र आणणं अवघड होतं. ते काम गणिताच्या मॅडमनी केलं.

मॅडम बेलापूरकडच्या, कॅनॉलच्या पाण्याच्या भागातल्या. आमच्याकडं पाणी कमी, म्हणून त्यांचं नाव पहिल्याच आठवड्यात ‘बागायती’ पडलं. त्या शिक्षण सेवक म्हणून आल्या होत्या. म्हणजे तीन वर्षं थोडक्या मानधनावर शिकवायचं आणि त्यानंतर संस्थेनं ठरवायचं, कायम करायचं की घरी पाठवायचं. त्यांची तिन्ही वर्षं आमच्या दहावीबरोबरच संपत होती. मुख्याध्यापकांच्या साडूचा मुलगा बी.एड. होऊन घरी बसला होता आणि त्याचा विषयही गणितच होता, हे गावात सगळ्यांना माहीत होतं. निर्णय संस्थेच्या सचिवांचा आणि सचिव आमच्या निरोप समारंभाला यायचे होते.

मॅडम प्रेमळ होत्या असं म्हणता येणार नाही. त्या रविवारीही सकाळी सातला जादा तास घ्यायच्या. उत्तर चुकलं की वही खिडकीतून बाहेर जायची. खिडकीखाली शिपायाच्या शेळ्या बांधलेल्या असायच्या. एकाची भूमितीची वही शेळीनं खाल्ली. दुसऱ्या दिवशी मॅडमनी त्याला उभं करून विचारलं, “शेळीला तरी समजलं का काही?” वर्ग हसला. तो मुलगा त्या हसण्याबद्दल वर्गावरही रागावला आणि मॅडमवरही.

वसतिगृहातली एक मुलगी पौष महिन्यात गायब झाली. आई आजारी पडली म्हणून तिला उसाच्या फडावर बोलावून घेतलं होतं. धाकट्या भावाला सांभाळून, कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या पाचटाच्या झोपडीत, सगळ्यांचा स्वयंपाक करून ती परत आली. मॅडमनी तिला राहिलेला गृहपाठ मागितला. तो नव्हता, म्हणून तास संपेपर्यंत तिला उभं केलं आणि शाळा सुटल्यावर बसवून घेऊन तो तिच्याकडून पुरा करून घेतला. रोज, अंधार पडेपर्यंत. मुलीनं त्याबद्दल मॅडमना कधी क्षमा केली नाही. ही मुलगी कुठल्याही गोष्टीवर उभ्या उभ्या यमक जुळवायची. वर्गात तिला किंमत होती ती तेवढ्यासाठीच.

आमच्या शाळेत निरोप समारंभाला फिशपॉन्डची पद्धत होती. कुणाचंही नाव घालून टोमणा लिहायचा, खाली स्वतःचं नाव घालायचं नाही आणि चिठ्ठी बुटाच्या खोक्यात टाकायची. समारंभात त्या मोठ्यानं वाचायच्या आणि जिच्यावर किंवा ज्याच्यावर चिठ्ठी असेल त्यानं उभं राहायचं. शिक्षकांवर लिहायलाही परवानगी होती. वर्षभरात तेवढाच एक दिवस.

समारंभाच्या आदल्या आठवड्यात मुकादमाच्या मुलानं पाण्याच्या टाकीमागं बैठक बोलावली. आमच्या भागात सोसायटीपासून कारखान्यापर्यंत सगळ्या निवडणुका पॅनेलनं लढवल्या जातात आणि मतं फुटली की माणूस पडतो, एवढं राजकारण त्याला घरातच शिकायला मिळालं होतं. त्यानं तेच लावलं. सचिव समोर बसलेले असताना एकाच नावाच्या चिठ्ठ्या निघाल्या पाहिजेत, म्हणजे ही बाई पोरांना नको आहे हे त्यांना कळेल आणि उन्हाळ्यात ती तिच्या कॅनॉलवर परत जाईल.

“एकबी चिठ्ठी इकडंतिकडं गेली न्हाई पाहिजे,” तो म्हणाला. “हेडसरांवर न्हाई, पीटीच्या सरांवर न्हाई. समद्या मॅडमवर.”

पीटीच्या सरांच्या ढेरीवर पोलीस भरतीवाल्यानं दिवाळीपासून चार ओळी तयार ठेवल्या होत्या. त्या वाया जाणार म्हणून तो कुरकुरला. त्याला पॅनेलशी गद्दारी म्हणजे काय ते समजावण्यात आलं. पहिल्या नंबरच्या मुलीनं अक्षर ओळखू येईल अशी शंका काढली, तेव्हा डाव्या हातानं लिहायचं ठरलं. ओळी कोण करणार हा प्रश्न उरला आणि सगळ्यांनी भिंतीच्या बाजूच्या त्या मुलीकडं पाहिलं. तिला दम द्यायची तयारी मुकादमाच्या मुलानं करून ठेवली होती. त्याची गरज पडली नाही.

“माझ्या कवाच झाल्यात,” ती म्हणाली. “किती पायजेत ते सांग.”

वर्ग एकदिलानं वागल्याचा तो पहिला प्रसंग. आम्हाला त्याचा फार अभिमान वाटला.

समारंभाला पटांगणात मांडव होता. फ्लेक्सवर सगळ्यांचे फोटो होते. मुकादमाच्या मुलाचा इतरांहून मोठा होता, कारण फ्लेक्स त्यानं छापून आणला होता. सचिव म्हातारे होते. आयुष्यभर निवडणुका लढवून थकलेला माणूस बसतो तसे ते डोळे मिटून खुर्चीत बसले होते. मुलींनी रडत भाषणं केली. एकमेकींशी वर्षभर न बोललेल्या दोघींनी एकमेकींना सख्ख्या बहिणी म्हटलं. एरवी मुख्याध्यापक चिठ्ठ्या आधी चाळायचे आणि दोन मुलं त्या वाचायची. यंदा त्यांनी खोकं उघडूनही पाहिलं नाही. वर्गशिक्षिका म्हणून मॅडमनीच त्या वाचाव्यात, असं त्यांनी माईकवर जाहीर केलं.

मॅडम उठल्या. पहिली चिठ्ठी उघडली आणि हजेरी घेतात त्या आवाजात वाचली:

“त्रिकोणाला कोन तीन, चौकोनाला चार,
मॅडमच्या जिभेला मात्र चहूबाजूंनी धार.”

मांडव हसला. शिट्ट्या झाल्या. जिच्यावर चिठ्ठी तिनं उभं राहायचं, पण त्या उभ्याच होत्या. त्यांनी दुसरी काढली.

“मॅडम गेल्या बाजाराला, कांदे घेतले सहा,
कांदेच लागले रडायला, कमाल यांची पाहा.”

पालकही हसले. मुख्याध्यापक हसू दाबत सचिवांकडं बघत होते. मग तिसरी, चौथी, सगळ्या त्यांच्याच नावाच्या. मॅडमनी एकही शब्द गिळला नाही की चेहरा बदलला नाही. हसणं हळूहळू कमी झालं, कारण तोच आवाज वर्षभर आमची नावं वाचत आला होता आणि आता आपली पाळी येणार असं वाटू लागलं. शेवटच्या चिठ्ठ्यांपैकी एक अशी होती:

“सांजची एसटी रिकामी हाय, खिडकीपाशी जागा,
तिकीट आम्ही काढून देतो, मॅडम, तुम्ही निघा.”

या चिठ्ठीला मुकादमाच्या मुलानं एकट्यानंच टाळ्या वाजवल्या. सचिवांनी डोळे उघडले.

बाकीच्या मास्तरांच्या चिठ्ठ्या कुठं आहेत, असं त्यांनी विचारलं. मॅडमनी खोकं उलटं करून दाखवलं. सचिवांनी मुकादमाच्या मुलाला उभं केलं. बापाच्या तोंडवळ्यावरून ते त्याला ओळखत होते. इतिहास कोण शिकवतं, हे त्यांनी त्याला विचारलं. तो गोंधळला. मागून कुणीतरी पीटीचे सर म्हणालं. ते इतिहासात काय शिकवतात, असं विचारल्यावर मागचाही आवाज बंद झाला. पीटीचे सर मांडवाच्या खांबाकडं बघत होते. सचिवांनी भूगोलाचं विचारलं. भूगोलाचंही तसंच झालं.

मग ते मुख्याध्यापकांकडं वळले. माईक चालू होता, हे बहुतेक त्यांना माहीत होतं.

“माझ्या संस्थेत पोरांना मास्तरचं नाव ठावं नसतं,” ते म्हणाले. “हिच्यावर पोरांनी गाणी केलीत. ही रोज वर्गात जात आसंल, त्याबिगर एवढा राग यायचा न्हाई. उन्हाळ्यात हिची कायमची ऑर्डर काढा. आन बाकीचे काय करतात, ते मला एकेकाला विचारायचंय.”

टाळ्या कुणी वाजवायच्या ते कळेना, म्हणून वाजल्या नाहीत. मॅडमनी चिठ्ठ्या खोक्यात परत भरल्या. आभार मानले नाहीत, हसल्या नाहीत. आमच्याकडं बघून एवढंच म्हणाल्या, “उद्या सातला तास आहे. वर्तुळ राहिलंय.”

जिलेबीच्या रांगेतच वर्ग फुटला. पोलीस भरतीवाल्याचं म्हणणं, ढेरीची एक चिठ्ठी घातली असती तर हे झालं नसतं. ते बरोबर होतं. पहिल्या नंबरच्या मुलीनं आपण आधीच शंका काढली होती असं सांगितलं; तिनं शंका अक्षराची काढली होती. मुकादमाच्या मुलानं सगळा दोष त्या यमकवाल्या मुलीवर टाकला. इतकं चांगलं करायला तुला कुणी सांगितलं होतं, असं त्याचं म्हणणं. तिनं त्याच्या ताटातली जिलेबी उचलून खाल्ली आणि भिंतीच्या बाजूला जाऊन बसली. दुसऱ्या दिवशी सातला सगळे हजर होते.

निकाल लागला तेव्हा गणितात नापास फार थोडे निघाले. त्याचं श्रेय वर्गानं परीक्षा केंद्राला दिलं. मॅडमना पेढे नेऊन दिल्याचं माझ्या ऐकण्यात नाही. त्यांनीही कुणाची चौकशी केल्याचं ऐकलं नाही.

पुढच्या वर्षी शाळेत एक बदल झाला. आपल्यावर चिठ्ठी यावी म्हणून शिक्षकच मुलांच्या मागं लागले. पीटीच्या सरांनी ढेरीचा विषय स्वतः सुचवला, असं सांगतात. मुलांना चिडवण्यासारखं काही आठवेना, तेव्हा मुख्याध्यापकांनी फिशपॉन्डच बंद केलं.

मॅडम अजून तिथंच आहेत. आमच्या वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दिवाळीच्या शुभेच्छांखेरीज फारसं काही येत नाही, पण मध्यंतरी मुकादमाच्या मुलानं एक फोटो टाकला: मातीत पडलेली, अर्धी चावलेली भूमितीची वही. वही त्याच्या धाकट्या भावाची होती. तो यंदा दहावीला आहे आणि सकाळी सातच्या तासावरून घरात रोज भांडण होतं. भाऊ काय म्हणाला तेही त्यानं खाली लिहिलं होतं:

“दादा, ती बाई जात हुती. तुमी धरून ठिवली. आता उद्यापासून सातला तूच जाऊन बस.”

 त्या निरोपावर यमकवाल्या मुलीनं तेवढी हसण्याची खूण टाकली. तिचा धाकटा भाऊही त्याच वर्गात आहे, भिंतीच्या बाजूला.