खाबुऱ्याची पांढरी भिंत आणि माझ्या भावाची उडी

मंदारने स्वतःहून विमानाचं तिकीट पाठवलं तेव्हाच मला संशय यायला हवा होता. हा माझा धाकटा भाऊ ओमानात मस्कतजवळ सीबला राहतो, इंजिनिअर आहे, कमावतो बरं, पण खिशात हात घालायची वेळ आली की त्याला हमखास फोन येतो. "ताई, तू फक्त ये. समुद्र बघ, डोंगर बघ, खजूर खा," म्हणाला. मी पुण्यात मुलींना बास्केटबॉल शिकवते. सुट्टी म्हणजे जिथे चेंडू दिसणार नाही अशी कुठलीही जागा. मी बॅग भरली.

जायचं तर थंडीतच जा. व्हिसा ऑनलाइन होतो आणि मुंबईहून विमान इतक्या लवकर पोचतं की एक डुलकीही धड होत नाही. विमानतळ सीबमध्येच आहे, त्यामुळे टॅक्सीचा खर्च वाचतो. मंदार घ्यायला आला होता. गाडीच्या मागच्या सीटवर जाळीच्या पिशवीत सात-आठ चेंडू होते.

"हे काय?"

"काही नाही गं. उद्या खाबुऱ्याला एक छोटंसं काम आहे."

काम काय ते घरी भाचीने, ईराने, सांगितलं. ती इंग्रजीत विचार करते आणि मराठीत अडखळते. "आत्या, इथे बास्केटबॉलची लीग असते ना, त्याचा ड्राफ्ट आहे. कॅप्टन्स एकेक प्लेअर घेतात. त्याच्याआधी वर्कआउट असतो, आणि तू जज आहेस. लास्ट इयर बाबाला कोणी घेतलं नाही. मग तो सगळ्या मॅचेसना पाणी घेऊन गेला. ही वॉज सो सॅड."

लहानपणी वाड्यासमोरच्या मैदानात गडी वाटून घ्यायचे तेव्हाही मंदार नेहमी उरायचा आणि कच्चा लिंबू म्हणून कुणाच्या तरी गळ्यात पडायचा. चव्वेचाळिसाव्या वर्षी माणूस पुन्हा तिथेच उभा होता. मला राग आला होता तो तिथेच निम्मा उतरला.

शुक्रवारी सकाळी निघालो. सीबहून खाबुरा समुद्राच्या कडेने दोन तासांच्या आत येतं. रस्ता इतका गुळगुळीत की पुणेकराला अपराधी वाटतं. वाटेत चहाच्या टपरीसमोर गाडी थांबवून हॉर्न वाजवायचा, पोऱ्या चहा गाडीतच आणून देतो. वेलचीचा दाटसर करक चहा आणि चीज-चिप्स भरलेला पराठा जरूर घ्या. दोघांचं मिळून एका रियालच्या आत भागतं. मंदारने पराठ्याला हात लावला नाही. तो गुडघ्याला पट्टा बांधत होता.

वर्कआउट एका शेतावर होता. शेताचे मालक सालिम हेच चार कप्तानांपैकी एक. सगळे त्यांना अर्बाब, म्हणजे मालक, म्हणत होते. खजुराच्या झाडांमध्ये सिमेंटचं कोर्ट, आणि त्याला लागून नुकतीच चुन्याने रंगवलेली लखलखीत भिंत. पुढच्या आठवड्यात त्यांच्या मुलाच्या लग्नाचं जेवण त्याच अंगणात होतं.

उडी मोजायची माझी पद्धत जुनी आहे. बोटांना खडू लावायचा, उभ्याने हात वर करून भिंतीवर खूण करायची, मग उडी मारून दुसरी. दोन्हींमधलं अंतर म्हणजे उडी. पण पांढऱ्या भिंतीवर पांढरा खडू दिसणार कसा? मी डोकं चालवलं आणि बाजारात मंदारच्या ओळखीच्या नझीरचाचांच्या दुकानात गेले. चाचा रत्नागिरीकडचे.

"हलद कशाला गो बाय? कुनाचा लगीन हाय?"

"उड्या मारायच्यात चाचा."

चाचांनी मान डोलावली. मोठी पुडी दिली आणि वर मूठभर फुकट घातली.

ओल्या हळदीची बोटं भिंतीवर उमटू लागली. केरळचा एक उंच पोरगा असा उडाला की कप्तान टाळ्या वाजवायला लागले. मग मंदार आला. उभ्याने खूण करताना तो टाचा वर करून, बरगड्या ताणून, जितका लांबेल तितका लांबला, उंच दिसावं म्हणून. मग उडी मारली. दोन खुणांमध्ये जेमतेम तीन बोटं अंतर! टाचा टेकल्या असत्या तर निदान वीतभर तरी दिसलं असतं. मी कपाळाला हात लावला. हळदीचा.

खुणा जरा नारिंगी वाटत होत्या, पण मला वाटलं ऊन असेल. जुम्म्याच्या नमाजासाठी सगळं थांबलं. अर्बाब मशिदीतून परत आले तेव्हा त्यांच्या मुलाच्या लग्नाच्या भिंतीवर टोकापासून टोकापर्यंत लालभडक बोटं होती.

"या अल्ला! ये किसका खून है?"

हळद आणि चुना एकत्र आले की लाल होतं, त्यातूनच कुंकू बनतं, हे कुठल्याही मराठी बाईला ठाऊक असतं. मीच विसरले होते. माझ्या हिंदीची गाडी 'कुंकू'वर अडली. मंदार पुढे झाला, हातवारे करून हळद, चुना, माझी अक्कल, सगळं समजावलं. अर्बाब इतके हसले की त्यांना खाली बसावं लागलं. बादल्या आल्या. सगळे खेळाडू चुना मारायला लागले आणि मंदार मधे उभा राहून ओरडत होता, "डावीकडे राहिलं! यल्ला, वरती! मागे बघ, बादली!" चुना बसेना. लाली पुन्हा वर येई.

"खलास," अर्बाब म्हणाले. "इधर पर्दा लगाएगा."

मग तीन-तीनचे सामने झाले. संध्याकाळी चहावर निवड. प्रत्येक नावाला मी दोन वाक्यं बोलायची. मंदारचं नाव आलं. त्या क्षणी मला खोटं बोलावंसं वाटलं, अगदी मनापासून वाटलं. "हा माझा भाऊ आहे. याच्याबद्दल मी बोलणार नाही," एवढंच म्हणाले. मंदार बुटाच्या नाड्या बघत बसला.

नावं संपत आली. उंच गेले, वेगवान गेले. अर्बाबांची पाळी होती.

"वो चिल्लाने वाला किधर है?"

सगळ्यांच्या माना मंदारकडे वळल्या.

"मेरा सब लड़का चुपचाप खेलता है. पीछे कौन आया, किसी को मालूम नहीं. ये बोलता है. गेम में भी बोला, दीवार पे भी बोला. मेरे को ये चाहिए."

सीबला परतताना मंदारने त्याच टपरीसमोर गाडी थांबवून दोन पराठे खाल्ले.

पुण्यात आले. समुद्र बघितला तो गाडीच्या काचेतून, डोंगर लांबूनच. खजूर माझ्या संघातल्या मुलींनी एका दिवसात संपवले. बचाव करताना मात्र मी त्यांना आता ओरडायला लावते. शेजारच्या सोसायटीची तक्रार आली आहे. परवा फोन वाजला. पलीकडून घोगरा, फाटका आवाज. मला वाटलं राँग नंबर.

"ताई, हरलो! सपाटून हरलो आम्ही!"

"अरे, मग तू किती वेळ खेळलास?"

"शेवटची दोन मिनिटं," मंदार म्हणाला. "पण घसा पार बसलाय गं."