पोरीला रडू द्यायचं नाही

माझी मुलगी आर्वीच्या एका दवाखान्यात जन्मली. दुसऱ्या दिवशी लहान मुलांच्या डॉक्टरीणबाई आल्या आणि तिच्या छातीवर नळी ठेवून बराच वेळ उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, हृदयाचा आवाज येतोय. माझी आई खूश झाली. हृदय आहे म्हटल्यावर आवाज येणारच, असं तिचं साधं म्हणणं. तिनं त्यांच्या हातावर पेढा ठेवला. तो एका हातात धरून त्यांनी दुसऱ्या हातानं वर्ध्याजवळच्या मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी लिहिली.

तिथे इको झाला. तिथल्या डॉक्टरांनी पाठकोऱ्या कागदावर हृदयाचं चित्र काढलं आणि पेनानं एकेक जागा दाखवत चार दोष सांगितले. मधल्या पडद्याला भोक, फुप्फुसाकडे जाणारी वाट अरुंद, आणि आणखी दोन. माझा नवरा पहिल्या भोकापाशीच अडकला होता; उरलेले तीन मी त्याला परतताना गाडीत समजावले. ऑपरेशन होतं, बहुतेक मुलं त्यातून चांगली होतात, पण आधी हिचं वजन वाढायला हवं. तोवर मुख्य पथ्य एकच. हिला फार वेळ रडू द्यायचं नाही. रडता रडता निळी पडली तर गुडघे दुमडून छातीशी दाबून धरायचे, शांत करायचं आणि थेट दवाखाना गाठायचा.

माझं माहेर रोहण्याचं, सासर तळेगावचं. या दोन्ही घरांत हळू बोलणारा माणूस अजून जन्माला आलेला नाही.

आधी दोन्ही घरांनी आपापली वंशावळ तपासली. माझी आई म्हणाली, आमच्यात हे असं कोणालेच नाही. सासूबाई फोनवर तेच म्हणाल्या, त्याच शब्दांत. माझे मोठे काका पन्नाशीत छाती धरून बसले ते उठलेच नाहीत, आणि सासऱ्यांच्या हृदयात दोन स्प्रिंगा बसवलेल्या आहेत. पण तो हृदयाचा विषय नव्हता. ती त्या दोघांची दगदग होती.

पहिलटकरीण सव्वा महिना तरी माहेरी राहते. मला विसाव्या दिवशीच तळेगावला आणलं, कारण ते हमरस्त्यावर आहे आणि गाडी केव्हाही मिळते. बाहेर कोणाला काही सांगायचं नाही, असं सासूबाईंनी बजावलं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत निम्मं गाव पाहून गेलं. बाळ पाहायला आलेल्या बायका नाक कोणावर गेलं हे सांगत नसत, ओठ निरखत. दृष्ट लागू नये म्हणून लावलेल्या काजळाच्या तिटीकडे बोट दाखवून एकीनं मला हळूच विचारलं, "इथं पण निळं पडलं का?" शेजारची काकू रोज सांगे, पोट्टीले रडू द्या, रडल्यानं छाती मोकळी होते. ती हे सांगायला लागली की तिच्या आवाजानं पोरगी दचकून रडायला लागे.

सासऱ्यांचं किराण्याचं दुकान घराच्या पुढच्या भागात आहे. लग्नाला दोन वर्षं झाली होती आणि ते माझ्याशी थेट असे फार तर पाच-सात वेळा बोलले असतील. रागानं नव्हे, रीतीनं. काही हवं असलं की सासूबाईंना म्हणत, सूनबाईले सांग. मी समोरच उभी असले तरी. माजघरात येण्याआधी ते खोकत, आणि त्या खोकल्यानं डोक्यावरचा पदर आपोआप पुढे येई. बाळाच्या आजारावर त्यांनी काही मत दिलं नाही. फक्त कोरोनाच्या वेळी घेतलेलं बोटाला लावायचं यंत्र कपाटातून काढून आणलं. ते मोठ्यांचं होतं, बाळाच्या बोटावर टिकेना. म्हणून ते स्वतःच्या बोटाला लावून आकडा पाहत आणि समाधानानं परत डबीत ठेवत.

मुलगी अडीच महिन्यांची असताना एका दुपारी नवरा माल आणायला नागपूरला गेला होता आणि सासूबाई शेजारी हळदीकुंकवाला. पोरगी झोपली म्हणून मी आंघोळीला गेले. डोक्यावर दोन तांबे घेतले असतील, तेवढ्यात ती रडायला लागली. तिच्या रडण्याचे प्रकार मला कळू लागले होते, आणि हा प्रकार चांगला नव्हता. मी साडी गुंडाळेपर्यंत दुकानाकडून पावलं आली. या वेळी सासरे खोकले नाहीत.

"हे निळी पडून राह्यली," ते म्हणाले. कोणाला उद्देशून, ते त्यांनाही कळलं नसावं. घरात आम्ही तिघंच होतो.

"मामाजी, तिचे गुडघे दुमडा. छातीशी लावा, घट्ट," मी आतून ओरडले.

"असे?"

मला दाराआडून काहीच दिसत नव्हतं. "हो, असेच," मी म्हणाले.

बाहेर आले तेव्हा ते जमिनीवर मांडी घालून बसले होते. माझ्या लेकीची त्यांनी घडी घातली होती. साखरेच्या पुड्या बांधण्यात ज्यांचं आयुष्य गेलं त्या हातांत ती गुडघे छातीशी घेऊन गच्च बसली होती, आणि तिच्या ओठांचा जांभळा रंग हळूहळू उतरत होता. माझे केस निथळत होते, डोक्यावर पदर नव्हता. ते त्यांनाही दिसलं नाही आणि मलाही पुष्कळ उशिरा आठवलं.

शेजाऱ्याच्या गाडीनं निघालो. सणालाही अर्धं शटर उघडं ठेवणारा हा माणूस दुकान सताड उघडं टाकून गाडीत बसला. पोरगी त्यांनी माझ्याकडे दिली नाही. सोडली तर पुन्हा होईल, अशी भीती त्यांच्या चेहऱ्यावर होती. मीही मागितली नाही.

दवाखान्यात तिला दोन दिवस ठेवलं, एक औषध सुरू केलं. गुडघे कोणी धरले होते, असं नर्सनं विचारलं. मी सासऱ्यांकडे पाहिलं; वेळेवर केलंत, असं ती त्यांना म्हणाली. ती गेल्यावर त्यांनी घसा साफ केला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "मले एक डाव नीट दाखवून देजो. म्या अंदाजानंच केलं."

मी टॉवेलची गुंडाळी केली आणि त्यांना दाखवलं. त्यांनी तीन वेळा करून पाहिलं. शेजारच्या खाटेवरची बाई टॉवेलला पाय कुठे आहेत ते शोधत होती.

त्यानंतर आमच्या दुकानात वेगळाच कारभार सुरू झाला. ज्यांनी स्वतःच्या मुलांना चारचौघांत कधी कडेवर घेतलं नव्हतं, ते गादीवर नात मांडीत घेऊन बसू लागले. गिऱ्हाइकानं गूळ मागायचा तो कुजबुजत. मोठ्यानं बोलणाऱ्याला ते बोटानं बाहेर पाठवत. गल्लीत लग्न निघालं तेव्हा ते स्वतः वरपक्षाकडे जाऊन, डीजे मोडावरच बंद करा, म्हणून विनवून आले. आमच्या लग्नात त्यांनीच अमरावतीहून मागवलेल्या डीजेनं समोरच्याची खिडकी फुटली होती. सासरे विनवत होते तेव्हा तो समोरचा शेजारीच उभा होता आणि काही बोलला नाही, हे त्याचे उपकारच.

नऊ महिन्यांची असताना नागपूरला ऑपरेशन झालं. तिला आत नेताना मी रडले नाही, नवरा रडला. सासरे बाहेरच्या बाकावर अनोळखी लोकांना चारही दोष क्रमानं समजावून सांगत होते, आणि शेवटच्या दोषाशी आले की पुन्हा पहिल्यापासून. संध्याकाळी डॉक्टरांनी येऊन सांगितलं की नीट झालं. ते ऐकून सासरे तिसऱ्या दोषावरच थांबले.

नळ्या काढल्यावर ती घोगऱ्या आवाजात रडू लागली. आम्ही सगळे तिच्याकडे धावलो. नर्सनं अडवलं. रडू द्या, रडल्यानं छाती मोकळी होते, ती म्हणाली. म्हणजे शेजारची काकू चुकली नव्हती, फक्त आठ महिने लवकर बोलली होती.

आता ती चार वर्षांची आहे. वर्षातून एकदा तपासणीला नेतो. छातीवर मधोमध उभी रेघ आहे, ती तिला चेन वाटते आणि ती आपली उघडत नाही म्हणून चिडते.

मागच्या महिन्यात आंजीहून एक तरुण जोडपं आमचा पत्ता विचारत आलं. त्यांच्या महिन्याभराच्या बाळाला हेच निघालं होतं. ऑपरेशन झालेलं मूल एकदा डोळ्यांनी पाहायचं होतं. सासूबाईंनी पोरीला चांगला फ्रॉक घातला. तिनं तो काढून टाकला, दुकानात धावली, डाळीच्या पोत्यांच्या थप्पीवर चढली आणि गोळी द्या म्हणून गळा काढून रडू लागली. चेहरा लाल झाला, पाय आपटले, चवळीचा डबा लवंडला. सासूबाई शरमल्या. रोज अशी नसते हो, असं धडधडीत खोटं सांगत तिला उतरवायला पुढे झाल्या.

त्या मुलीनं, म्हणजे बाळाच्या आईनं, त्यांचा हात धरला.

"राहू द्या, आई," ती म्हणाली. "पाहू द्या मले."

मग ती कुशीतलं बाळ सावरत तिथेच पाटावर बसली आणि माझी लेक रडून दमेपर्यंत तिच्याकडे बघत राहिली.