पहिल्या हाकेला ओ

मी लहान असताना चामराजपेटेतल्या आमच्या गल्लीत दारोदार खडूने ‘नाळे बा’ लिहिलेलं असायचं. म्हणजे कन्नडमध्ये ‘उद्या ये’. घरच्याच कुणाचा आवाज काढून एक बाई दाराबाहेरून हाक मारते आणि जो ओ देतो तो मरतो, अशी वदंता होती. दारावरची अक्षरं वाचून ती परत जायची, दुसऱ्या दिवशी यायची आणि पुन्हा तेच वाचायची. आमच्या दारावर ते अण्णाने, माझ्या थोरल्या भावाने लिहिलं होतं. पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, ही आईची सक्त ताकीद. भूत एवढं आज्ञाधारक कसं, असं विचारलं म्हणून मी धपाटाही खाल्ला होता.

पुढे आमच्याच घरात हा नियम उलटा झाला. मोटारसायकलवरून पडून अण्णाची कंबर दुखावली. कंबर बरी झाली, दुखण्यावरच्या गोळ्या काही सुटल्या नाहीत. गोळ्यांनी भागेना तेव्हा सुई आली, आणि भर उन्हाळ्यात तो पूर्ण बाह्यांचे शर्ट घालू लागला. एका दुपारी न्हाणीघरात नळ वाहत होता आणि हाकांना उत्तर नव्हतं. शेजाऱ्यांनी दार फोडलं. आत अण्णा भिंतीला टेकून बसलेला, ओठ जांभळे, घशातून घोरल्यासारखा आवाज. डॉक्टरांनी वाचवला. ते दृश्य माझ्या डोळ्यांसमोरून अजून हलत नाही.

न्हाणीघराच्या नव्या दाराला आम्ही कडी लावलीच नाही. आत कुणीही असो, पहिल्या हाकेला ओ द्यायची. आई स्वयंपाकघरातून विचारायची, “आहेस का रे?” आतून यायचं, “आहे.” सवय इतकी जडली की तो बाहेर गेलेला असतानाही ती हाक मारायची. एकदा अशाच हाकेला आतून ‘आहे’ आलेलं मी ऐकलं. दार ढकललं तर बादली भरून वाहत होती, आत कुणी नव्हतं. मी नळ बंद केला.

मग उपचार सुरू झाले. रोज एक गोळी जिभेखाली ठेवायची, ती विरघळेपर्यंत गिळायचं नाही, बोलायचं नाही. सुरुवातीला ती दवाखान्यात नर्ससमोर घ्यावी लागे. बाकावर माणसं ओळीने बसलेली, सगळ्यांची तोंडं मिटलेली, वर पंखा कुरकुरतोय. मी पहिल्यांदा आत गेले तेव्हा सगळ्यांनी एकदम माझ्याकडे पाहिलं आणि कुणी अक्षर बोललं नाही. डॉक्टरांनी बजावलं होतं, “मनाने बंद करू नका. मध्ये खंड पडला की शरीराची सवय मोडते. मग पूर्वीच्याच मात्रेची सुई जीव घेते.”

काही महिन्यांनी गोळ्या घरी मिळू लागल्या. सकाळी अण्णा खुर्चीत तोंड मिटून बसायचा, आणि आम्ही दोघी भांडंसुद्धा न वाजवता वावरायचो. आईला मात्र ते पटत नव्हतं. “अंगावर मांस आलंय, रंग उजळलाय. आता ह्या गोळीची सवय कशाला? सोड की.” आईच ती, पोरगं बरं दिसलं की तिला वाटे संपलं सगळं.

परवा सकाळी तो असाच खुर्चीत बसला होता. मी कपडे वाळत घालत होते. तोंडातून सवयीने हाक गेली, “अण्णा?”

“काय ग?” तो म्हणाला.

स्वच्छ, मोकळा आवाज. मी हातातला ओला कपडा टाकून त्याच्याजवळ गेले.

“तोंड उघड,” मी म्हटलं. जिभेखाली काही नव्हतं.

“स्वल्प दिवस झाले बंद करून. आई म्हणत होती ना. बघत होतो, जमतंय का.”

तेव्हा कुठे माझं लक्ष गेलं. पूर्ण बाह्यांचा शर्ट. पायात चपला, घरात. कपाळावर घाम.

“कुठे निघालास?”

“जरा बाहेर. येतोच.”

मला संताप आला, रडू आलं, त्याच्या एक मुस्कटात द्यावीशी वाटली. मी दारात आडवी उभी राहिले आणि भलतंच बोलले, “आज नको. उद्या जा.”

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग दाराकडे, जिथे त्याने लहानपणी खडूने लिहिलं होतं तिथे. “आणि उद्या?” त्याने विचारलं.

“उद्याही हेच सांगेन.”

त्याने बाहीने कपाळावरचा घाम पुसला. मग म्हणाला, “सरी, ठीक आहे. चल दवाखान्यात.” आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने पदराने डोळे पुसले आणि मला रिक्षाचे पैसे आणून दिले.

दवाखान्यात डॉक्टरांनी त्याला तपासलं, रागावले नाहीत. नर्सने गोळी जिभेखाली ठेवली आणि तो त्या बाकावर, त्या मिटलेल्या तोंडांच्या ओळीत जाऊन बसला. मी शेजारी बसून हळूच हाक मारली, “अण्णा?”

त्याने ओ दिली नाही. मी पुन्हा हाक मारली. गोळी जिभेखाली धरून तो माझ्याकडे बघत राहिला, आणि ओ आली नाही म्हणून मला रडू फुटलं.