साप चावल्यावर लोक काय विचारतात

ती घटना आठवली की अजूनही वाटतं, त्या दिवशी आपण घाई केली नाही हे फार बरं झालं. नोकरीत मी अनेकांना अटक केली. पण जी अटक केली नाही तिचं समाधान जास्त आहे. नावं कुणाचीच लिहिणार नाही.

मी तेव्हा ठाणेदार होतो. मोताळा तालुक्यातल्या एका गावात रात्री हरभऱ्याला पाणी द्यायला गेलेल्या शेतकऱ्याला साप चावला. शेजारच्या शेतातल्या माणसाने त्याला मोटारसायकलवर बसवून गावात आणलं, तिथून बुलढाण्याला दवाखान्यात हलवलं. दवाखान्याकडून खबर आली, आम्ही स्टेशन डायरीला नोंद घेतली. आमच्या भागात सर्पदंशाची खबर काही नवीन नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळची हजेरी आटोपून मी चहा घेत होतो, तेवढ्यात त्या शेतकऱ्याचा धाकटा भाऊ आत आला. उभ्या उभ्याच म्हणाला, "साहेब, माह्या भावाले साप चावला नाही, चाववला."

"कोणी?"

"वहिनीनं. तिच्या मोबाइलात पाहा ना काय आहे ते."

घाईत वहिनी मोबाइल घरीच विसरून दवाखान्यात गेली होती. डॉक्टरांचा फोन येईल म्हणून याने तो हातात घेतला आणि त्याला जे दिसलं त्याचा फोटो काढून आणला होता. त्यात स्पष्ट लिहिलेलं होतं: 'साप चावल्यावर माणूस किती वेळात मरतो'. शेजारी तारीख होती, घटनेच्या आधीची.

"नवरा धडधाकट असलेली बाई हे काऊन शोधते साहेब?" तो म्हणाला. भाऊ अजून शुद्धीवर आला नव्हता. घरच्यांनी वहिनीला दवाखान्यातून परत पाठवलं होतं. नवऱ्याजवळ बसायचं नाही, तोंड दाखवायचं नाही, असं तिला बजावलं होतं.

खरं सांगायचं तर फोटो पाहून माझंही मन क्षणभर तिकडेच झुकलं. पण खात्यात शिकलेली पहिली गोष्ट ही की, कागदावरचं वाक्य आणि माणसाच्या तोंडचं वाक्य एकच असतं असं नाही. बाईमाणसाला चौकशीसाठी ठाण्यात बोलवत नाहीत, आपण तिच्या घरी जायचं असतं. मी गणवेश उतरवला, आमच्या हवालदार बाईंना सोबत घेतलं आणि खाजगी जीपने निघालो. पोलिसांची गाडी दारात उभी राहिली की गावाचा निकाल आधी लागतो, कोर्टाचा नंतर.

बाई शिलाई मशीनजवळ जमिनीवर बसलेली होती. रडून डोळे सुजले होते. पंचांसमक्ष मोबाइल ताब्यात घेतला, आणि तो फोटो तिच्यासमोर धरला.

"हे तुम्ही शोधलं?"

"हाव."

चौकशीत असं सरळ उत्तर आलं की आमची पंचाईत होते. नाही म्हणणाऱ्याला कसं बोलतं करायचं ते आम्हाला ठाऊक असतं.

"कशासाठी?"

"धंद्यासाठी."

हवालदार बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी बाईकडे पाहिलं. ती चिडली होती. इतक्या वर्षांत मी एक पाहिलंय, दोषी माणूस पोलिसाला आवडेल असं उत्तर देतो. ही बाई तर मला चक्क धंदा शिकवू लागली.

"बचत गटाच्या ट्रेनिंगमंधी सांगतलं होतं, वस्तू बनवाच्या आंधी पाहा का लोक इंटरनेटवर काय शोधतेत. पापड लई लोक शोधतेत, पन इकनारेही तितकेच. तथी मले कोन इचारते? मंग मी सापाचं पाह्यलं. शोधनारे ढीगभर, अन इकनारे एकदम कमी."

"सापाचं काय विकणार तुम्ही?"

तिने उठून कपाटामागून एक जोड काढला. जाड कॅनव्हासचे, आत फोम घातलेले, गुडघ्यापर्यंत येणारे पायमोजे. पंपाला रात्रीची लाइट असली की नवरा पाणी द्यायला अंधारात शेतात जायचा. त्याच्यासाठी तिने ते शिवले होते. मग वाटलं, आपल्याच नवऱ्याला का, सगळ्यांनाच लागतील.

"पण मग हा मरण्याचा प्रश्न?" मी विचारलं.

"तो माहा नाही साहेब. लोक इचारतेत, ते फोन दाखवते. त्यावर बोट ठेवून मी पाहून राह्यली होती, का हे किती जन इचारतेत. पन किती वेळात मरतो हे इचारनारा घाबरलेला आहे, तो काही घेत नाही. बूट केवढ्याले मियते, हे इचारनारा घेते. मी तसे शब्द निवडून राह्यली होती." मग तिचा बांध फुटला. "तुमचं काय लिहाचं ते लिहा, पन मले त्यायच्यापाशी बसू द्या. त्यायले तहान लागली तं कोनाले सांगतीन ते?"

एवढंच तिचं मागणं होतं. अटकेची भीती तिच्या बोलण्यात कुठे नव्हती.

ठाण्यात परतलो. हवालदार बाई थेट संगणकावर बसल्या. त्यांनी 'साप चावल्यावर' एवढे दोनच शब्द टाइप केले आणि हात मागे घेतले. खाली आपोआप यादी उघडली. काय करावे, कोणती लक्षणे, आणि त्यातच ते वाक्य, जसंच्या तसं.

"आता आपल्यावर कोणतं कलम लावता साहेब?" हवालदार बाई म्हणाल्या.

मी हसलो, पण हसून भागणार नव्हतं. तिच्या मोबाइलमधला शोध क्रमाने काढायला लावला. त्या वाक्यानंतर काय होतं? 'सापापासून वाचायचे बूट किंमत', 'हलके गमबूट', 'शेतात घालायचे जाड मोजे'. आधीच्या महिन्यांत पापड, लोणची, लहान मुलांच्या कुंच्या. जिवावर उठलेल्या माणसाचा पुढचा प्रश्न किमतीचा नसतो. घटनास्थळाचा पंचनामा केला, शेजारच्या शेतकऱ्याचा जबाब घेतला. साप बांधाच्या दगडातून निघालेला त्याने बॅटरीच्या उजेडात स्वतः पाहिला होता. डॉक्टरांनाही दंशात काही वावगं दिसलं नव्हतं. मोजे का घातले नव्हते, तेही त्या शेतकऱ्याकडूनच कळलं. बायकोने शिवलेलं घालून गेलो तर लोक हसतील, असं नवरा त्याला म्हणाला होता.

बाईला जीपमध्ये घेऊन दवाखान्यात गेलो. दीर बाहेरच्या बाकावर बसला होता. वहिनीला पाहून तो ताडकन उठला. मी त्याला म्हणालो, "तुझा मोबाइल काढ. लिही, साप चावल्यावर."

त्याने लिहिलं. खाली उघडलेल्या यादीतलं ते वाक्य त्याने वाचलं.

"हे मी तं नाही लिहिलं साहेब."

"तिनंही नाही लिहिलं."

त्याने मोबाइल खिशात घातला. मान वर न करता वहिनीला म्हणाला, "चाल वयनी. सकाळपासून दोनदा डोये उघडले त्यानं. तुलेच पाह्यत असंन." आणि स्वतःच्या हाताने दार ढकलून तिला आत नेलं. नवरा वाचला.

या प्रकरणात गुन्हा दाखल झाला नाही, म्हणून त्याची बातमीही झाली नाही. पण मला त्याने मोठी गोष्ट शिकवली. माणसाच्या एका प्रश्नावरून त्याचं मन ओळखू नये, तो पुढचा प्रश्न कोणता विचारतो ते पाहावं. तो दीरही वाईट नव्हता, भावाच्या मायेपोटी आला होता. आणि आमच्या हवालदार बाईंचा मी जन्माचा ऋणी आहे. त्यांनी ते दोन शब्द टाइप केले नसते, तर नवरा शुद्धीवर येताना त्याची बायको कुठे असती, हा विचार आजही नकोसा वाटतो.

त्या बाईचा धंदा पुढे चालला. निवृत्तीनंतर घरामागे थोडी भाजी लावली, तेव्हा मीही एक जोड ऑनलाइन मागवला. जाहिरातीत गुडघ्याखालचे फक्त पाय दिसतात, मोजे घालून बांधावर उभे असलेले. हे नवऱ्याचे पाय का, म्हणून मी फोनवर विचारलं.

"नाही साहेब," ती हसून म्हणाली, "भाऊजीचे आहेत. म्हने, वयनी, फोटोत मीच उभा राह्यतो."